जावयाच्या पेपरातली उत्तरं

भटारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणत. हात न धुता कुणी कांदा चिरायला घेतला की मास्तरांचा आवाज थेट गल्ल्यापर्यंत पोचायचा. जावईही त्यातून सुटला नव्हता. त्याचा कारखाना बंद पडल्यावर मास्तरांनीच त्याला हाताखाली घेतलं, आणि पहिल्याच दिवशी चारचौघांत त्याची नखं तपासली.

अन्न हाताळणीचं प्रमाणपत्र जावयाला नव्यानं काढायचं होतं. मास्तरांच्या प्रमाणपत्राची मुदत संपत आली होती. पूर्वी नुसत्या शिक्क्यावर भागायचं, यंदा लेखी परीक्षा होती. जावई रोज पुस्तिका घेऊन बसायचा. मास्तर म्हणाले, "मला काय शिकवणार ते? हयात गेली चुलीपुढं."

परीक्षेत पहिल्याच पानावर त्यांना घाम फुटला. कुठल्या जंतूनं कुठला आजार, किती अंशांवर काय ठेवायचं, काही आठवेना. शेजारी जावई मान खाली घालून भराभर पर्यायांवर खुणा करत होता. मास्तरांनी त्या चोरून जशाच्या तशा उतरवल्या.

दुपारी परीक्षक बाईंनी दोघांना आत बोलावलं. "काका, तुम्हा दोघांचे पेपर वेगळे होते. तुमची उत्तरं तुमच्या प्रश्नांना लागत नाहीत, यांच्या प्रश्नांना मात्र चपखल बसतात. हे कसं?"

मास्तर दोन्ही पेपर उलटसुलट करून बघू लागले.

"मीच दाखवली," जावई म्हणाला. "त्यांचा दोष नाही."

नुसतं "नाही" म्हणायचं होतं. तेवढंही मास्तरांच्या तोंडून निघालं नाही. दोघंही नापास झाले, वर महिनाभर परीक्षेची बंदी.

मास्तरांचं जुनं प्रमाणपत्र अजून चालू होतं. जावयाकडे काहीच नव्हतं. मालकानं त्याला फरशी पुसायला लावलं. "सासऱ्याचं नाव घालवलंस की रे!" भटारखान्यातली पोरं तोंडावर म्हणायची. तो हसण्यावारी न्यायचा. मास्तर पाठ फिरवून कढई ढवळत राहायचे.

सुट्टीच्या दिवशी ते लेकीकडे जेवायला गेले. वाढता वाढता ती म्हणाली, "बाबा, यांच्यामुळं तुम्हाला खाली मान घालावी लागली. मलाच लाज वाटते."

"मामांना भाजी वाढ," जावई एवढंच म्हणाला.

मास्तरांनी उचललेला घास ताटात ठेवला. "त्यांनी काही दाखवलं नाही. मीच चोरून बघितलं. आणि तिथं गप्प बसलो."

लेक ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि तिनं आधी नवऱ्याच्या ताटात वाढलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परीक्षक बाईंना सांगितलं, मालकालाही, सगळ्यांदेखत. बाईंनी जावयाची बंदी उठवली. तो सहज पास झाला. मास्तरांची बंदी संपायच्या आतच त्यांचं प्रमाणपत्र संपलं, तेवढे दिवस फरशी त्यांच्या वाट्याला आली. संध्याकाळी जावई पुस्तिका घेऊन यायचा. "मामा, हे पान पुन्हा एकदा बघू या?" आवाजात तोच पूर्वीचा मान.

तरीही पास व्हायला त्यांना दोनदा बसावं लागलं. जावयाशी बोलताना अजूनही त्यांची नजर त्याच्या खांद्यापलीकडे असते.