आटवलेलं दूध

माझं दूध आटवलं सासूनं, आणि आटवू दिलं मी. कुणी विचारलं तर आजही मी दोघींना दोष देते. एकट्या सासूवर ढकलून मोकळी होत नाही.

न्हावऱ्याला आमच्या गोठ्यात सात गाई आहेत. सासूला मी आत्या म्हणते. आत्या तीस वर्षं धारा काढतायत. गाईच्या कासेला नुसता हात लावून त्या सांगतात, ही उद्या दूध कमी देणार. डॉक्टरची गाडी दारात यायच्या आत त्यांचं निदान झालेलं असतं. मी तरी काय कमी होते? लग्नाआधी माहेरी केडगावला डेअरीवर दुधाचं फॅट लावायला, म्हणजे मोजायला, बसायचे, सासरी आल्यावरही तेच काम धरलं. त्यामुळं दुधातलं आम्हा दोघींना सगळं कळतं असा आमचा समज होता. घोडं तिथंच पेंड खात होतं.

बाळंतपण माहेरी झालं. पोरगी झाली, चांगली गुटगुटीत, आणि मला दूध इतकं की ब्लाउज दिवसातून चारदा बदलायला लागायचा. तुलाच डेअरीला घालावं म्हणते, असं आई चेष्टेनं म्हणायची. दोन महिन्यांनी सासरी आले तेव्हा कांदा काढणीला आला होता आणि घरात माणूस नव्हतं. नवरा सणसवाडीला कंपनीत, त्याची शिफ्ट आणि झोप यातच दिवस संपायचा. मीही आगाऊच. कुणी जा म्हणलं नसताना सकाळी डेअरीवर जाऊन बसायला लागले. सकाळचं एक पाजणं चुकायचं, मग दुपारचंही लांबायचं. आठ दिवसांत डाव्या बाजूला दगड झाला. लालभडक, पदर लागला तरी कळ जायची, आणि हुडहुडी भरून ताप.

आत्यांनी जवळ घेऊन बघितलं. चार बोटांनी दाबून, गाईचं बघतात तसंच. म्हणल्या, "दगडी झालीय."

दगडी हा गाईच्या कासेचा आजार. सड सुजतो, दुधात गाठी येतात. ते दूध डेअरी घेत नाही, वासराला पाजत नाहीत, लांब नेऊन ओतून देतात. फारच बिघडलं तर गाय आटवून टाकायची. खुराक कमी, पाणी कमी, धार बंद. आठ-दहा दिवसांत कास सुकते, दुखणं मिटतं, आणि पुढच्या वेताला गाय पुन्हा दूध देते. आत्यांनी माझ्यावर तोच इलाज केला, आणि मायेनं केला, हेही सांगितलं पाहिजे. मेडिकलमधून तापाच्या गोळ्या आणल्या. छातीला ओढणी आवळून बांधली आणि आत मोगऱ्याची फुलं ठेवली, त्यानं दूध आटतं म्हणून. पोरीसाठी पावडरचा डबा आणि बाटली आली. मी काय केलं? मुकाट्यानं दोन्ही हात वर केले आणि ओढणी बांधून घेतली. दगडीचं दूध बरणीसकट माघारी पाठवणारी बाई मी. असलं दूध पोटच्या पोरीला पाजायचं माझ्याच मनाला पटेना.

दहा दिवसांत ताप गेला, गाठ गेली आणि दूधही गेलं. मला वाईट वाटलं, पण इलाज नव्हता असं वाटून गप्प बसले. गावाच्या दुधाचं फॅट मी लावणार आणि माझी पोरगी डब्यातली पावडर पिणार, म्हणून बायका हसल्या. मीही हसले.

हसणं महिनाभरच टिकलं. पोरीला जुलाब लागले. बाटली उकळली, पाणी उकळलं, बूच उकळलं, तरी लागले. शिरूरच्या दवाखान्यात सलाईन लावलं, चार दिवसांनी घरी आलो, आणि तिसऱ्या आठवड्यात परत तेच. मांडीवर घेतली तरी मांडी भरायची नाही. रडायची ती पण आवाज न करता, नुसतं तोंड वेडंवाकडं करून. त्या दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, अंगावर का पाजत नाही. मी म्हणलं, आटलंय. कसं आटलं विचारल्यावर मी सगळं सांगितलं, दगडी, ओढणी, मोगरा, सगळं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही गाय आहात का?" त्या म्हणाल्या.

मला राग आला. मग त्या जे बोलल्या त्यानं रागही जागेवर राहिला नाही. त्या दुखण्यात दूध बंद करायचंच नव्हतं. उलट त्याच बाजूनं पाजत राहायचं होतं, दूध निघत राहिलं की गाठ मोकळी होते, सोबत औषध घेतलं की झालं. त्या दुधानं पोरीला काहीसुद्धा झालं नसतं. दुसरं म्हणजे, बाईचं दूध आटलं तरी पुढच्या बाळंतपणाची वाट बघावी लागत नाही. मूल परत ओढायला लागलं तर परत येऊ शकतं. दिवसातून आठ-दहा वेळा अंगाला लावायचं, उघड्या अंगाशी धरून ठेवायचं, दोन-तीन आठवडे धीर धरायचा. पुरं येईल असं वचन देत नाही म्हणाल्या. थोडं आलं तरी हिच्या पोटाला ते औषध आहे.

नर्सनं एक बारीक नळी दिली. नळीचं एक टोक पावडरच्या दुधाच्या वाटीत आणि दुसरं चिकटपट्टीनं माझ्या अंगावर, पोरीच्या तोंडात जाईल असं. पोरगी ओढायला लागली की वाटीतलं दूध तिला मिळतं. तिला वाटतं आईचंच आहे, आणि तिच्या ओढण्यानं आईचं सुरू होतं. दवाखान्यात हे फार सोपं वाटलं.

घरी माझ्या नाकी नऊ आले. पोरीला बाटलीची सवय लागलेली. अंगाला लावली की अंग ताठ करायची, मान मागं टाकायची आणि किंचाळायची, जसा काही मी तिला चटका देतेय. एका हातात पोरगी, एका हातात वाटी, नळी धरायला तिसरा हात आणायचा कुठून? दूध सांडायचं, पट्टी निघायची, पोरगी घामाघूम, मी घामाघूम. शेवटी बाटली द्यायची आणि भिंतीकडं तोंड करून बसायचं. नवरा म्हणायचा, पावडर आहे ना, कशाला जिवाचे हाल करून घेतेस. त्याला कसं सांगू? पोरगी माझ्याच अंगावरून तोंड फिरवत होती आणि चूक तिची नव्हती.

आत्या वाटी धरायला पुढं आल्या तेव्हा मी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली. त्या म्हणाल्या, नको गं लेकराला छळू, आटलेली गाय पुढच्या वेताबिगर दूध देत न्हाई. झालं. इतके दिवस साठलेलं सगळं माझ्या तोंडातून बाहेर पडलं.

"गोठ्यात सात गाई कमी होत्या का, म्हणून मला आटवली तुम्ही?"

त्या वैरण टाकायची वेळ नव्हती तरी उठून गोठ्यात गेल्या. मी पिशवी भरली, पोरीला घेतलं आणि केडगावची एसटी धरली.

त्या एसटीतला एक तास माझ्या शत्रूवरसुद्धा येऊ नये. सुटतानाच पोरगी रडायला लागली. शेजारच्या म्हातारीनं दोनदा बघितलं आणि म्हणाली, पाज की तिला पोरी, लाजतीस काय, आम्ही काय परके का. मागच्या बाईनं पण री ओढली. आटलंय असं म्हणायला माझी जीभ उचलेना. मी पदर घेतला आणि कोरड्या अंगाशी पोरीला धरलं, नुसतं लोकांना दाखवायला. ती असली संतापली की ड्रायव्हरनं मान वळवली. भीमेचा पूल येईपर्यंत मी तशीच बसले, पदराखाली तिचं तोंड दाबून. मग लाज सोडली आणि बाटली काढली. पोरीनं दोन्ही हातांनी बाटली धरली. म्हातारी हळूच म्हणाली, अगंबाई, भाकड व्हय. वाईट हेतूनं नाही म्हणाली. पण मला वाटलं, पुलावरच उतरावं.

माहेरी आईचंही मत आत्यांसारखंच निघालं. तिची म्हैस होती, तिला तेवढंच माहीत. दोन दिवस वाटी धरली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, सोड हा नाद. मी एकटीच करत राहिले. किती वेळा लावली, किती वेळा तिनं थुंकून टाकलं, काही हिशोब राहिला नाही. अळिवाची खीर खाल्ली, शतावरी घेतली, हातानं पिळून पिळून बोटं दुखली. एक थेंब नाही. आरशासमोर उभी राहून मी स्वतःला नाही नाही त्या शिव्या दिल्या. पोरीचे पाय दिवसेंदिवस काडीसारखे होत होते आणि तिसऱ्यांदा सलाईन लावायची वेळ आली तर काय, हा एकच विचार डोक्यात घोंगावत होता.

पाचव्या दिवशी दुपारी दारात आत्या. हातात पिशवी, कपाळावर घाम. लग्नाला सहा वर्षं झाली, गाई सोडून त्या एक दिवस कुठं राहिल्याचं मी बघितलं नव्हतं. गाई कुणाकडं टाकल्या विचारलं तर म्हणाल्या, तुझ्या नवऱ्यानं रजा काढलीय, काढंल धारा. मग मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात साबणानं धुतले. एकदा, परत एकदा. पुसत पुसत बाहेर आल्या आणि माझ्याकडं न बघता बोलल्या.

"सकाळच्याला शिरूरला जाऊन आले. डॉक्टरीणबाईला इचारलं. वाटी कशी धरायची ते शिकवलंय त्यांनी मला. मी धरते."

तीस वर्षांत ज्यांनी कधी कुणाला काही विचारलं नाही, त्या बाईनं दवाखान्यात नंबर लावला होता. मी पोरीला मांडीवर घेतलं आणि त्यांना शेजारी जागा करून दिली.

आत्यांनी पहिल्यांदा माझी पद्धत मोडून काढली. पोरगी भुकेनं रडायला लागली की मी तिला लावायचे. त्या म्हणाल्या, उपाशी वासरू नुसतं ढुशा देतं, अर्धपोटी वासरू चोखतं. बाटलीनं थोडं पाजायचं, डोळे जड व्हायला लागले की मग लावायचं. जबरदस्ती करायची नाही, डोकं तर दाबायचंच नाही. दुधाचा थेंब अंगावर सोडायचा आणि तिलाच चाटत यायला लावायचं. दुसऱ्या दिवशी पोरगी झोपेच्या गुंगीत पाच मिनिटं ओढत राहिली. तिसऱ्या दिवशी दहा. दूध अजून वाटीतलंच होतं. माझं अंग तसंच कोरडं ठणठणीत. आत्या दर वेळी गुडघे टेकून माझ्या खांद्याजवळ वाटी धरायच्या. हात भरून यायचा, पण वाटी खाली यायची नाही. कामापुरतं सोडून आम्ही बोलत नव्हतो.

आत्या आल्याच्या आठव्या दिवशी दुपारी पोरगी नेहमीसारखी ओढत होती. चांगलं जोरात, घोट गिळल्याचा आवाज येत होता. मी डोळे मिटून बसले होते. आत्या म्हणाल्या, वाटीतलं उतरत न्हाई.

माझं डोकं फिरलं. एवढं सगळं करून आता नळी पण तुंबली. नीट धरा म्हणून मी त्यांच्यावर खेकसले. त्यांनी वाटी वर केली, खाली केली, हलवून बघितली. दूध होतं तिथंच. मी वाकून बघितलं तर पोरीच्या गालाखाली नळी दुमडून गेली होती, पार चपटी. त्यातून थेंबसुद्धा जाणं शक्य नव्हतं.

आणि पोरगी गिळत होती.

मला आधी कळलंच नाही. आत्यांना कळलं. त्यांची नजर माझ्या दुसऱ्या बाजूला गेली, उजवीकडं. तिथं ब्लाउजवर रुपयाएवढा ओला डाग पडला होता आणि तो पसरत होता. वासरू एका सडाला लागलं की दुसरा आपोआप गळायला लागतो, हे त्यांनी हजारदा बघितलेलं.

"पान्हावलीस गं," त्या म्हणाल्या. मग हातातल्या वाटीकडं बघत, "माझ्याच हातानं आटवली व्हती मी तुला."

मी रडत होते, नाकातून पाणी येत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. पोरीच्या ओठाच्या कडेला पांढरी रेघ आली होती. फार नसेल, चार-पाच घोट असतील. पण पावडरचा एक कणही त्यात नव्हता.

"आत्या, वाटी ठेवा खाली," मी म्हणलं. "हात दुखला असंल."

त्यांनी ठेवली नाही. पोरगी झोपून तोंड सोडेपर्यंत त्या भरली वाटी तशीच धरून बसल्या.