यांची गँग

मैत्रिणींनो, पेपरात गँग म्हणजे चोरांची टोळी. आमच्या घरी गँग म्हणजे भरवेलीच्या खाणीत यांच्याबरोबर काम करणारी, दुपारी एकत्र डबे उघडणारी माणसं.

हे गेले, तरी दर सोमवारी मी गँगसाठी जवसाची चटणी पाठवायचे. गँगमधलेच, शेजारचे रामदासभाऊ न्यायचे. रिकामा डबा देताना चिडवायचे, "मीठ कमी होतं वहिनी, म्हणून लवकर संपली."

आज त्यांनी डबा घेतलाच नाही.

"काल रिटायर झालो, वहिनी. बाकीचे दुसऱ्या गँगमध्ये गेले. तुम्हाले सांगायची हिंमतच नाही झाली."

मी फक्त "हौ" म्हणाले.

चार वर्षं यांच्या वाट्याचा घास कोणीतरी खात होतं. डबा अजून ओट्यावर भरलेला आहे. सांगा, आता दर सोमवारी मी काय करू?