बेंजो जपानचा निघाला तेव्हा

दत्तप्रसादांना मी दरवर्षी एकच उत्तर द्यायचे, "अहो, बेंजो मिरवणुकीत शोभतो. मंडळाच्या स्टेजवर नाही." मी उर्मिला. अमिरातीतल्या अल ऐनच्या एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत नोकरीला, आणि मराठी मंडळाच्या गणपतीचे कार्यक्रमही मीच ठरवते. तोंड माझं फटकळ, सगळ्यांना ठाऊक आहे.

दत्तप्रसाद मूळचे चिपळूणचे, दुबईत ड्राफ्ट्समन होते. २००९च्या मंदीत कंपनी खलास झाली आणि ते आमच्याकडे जुनी पुस्तकं स्कॅन करायला लागले. मितभाषी माणूस. गणपती जवळ आले की मात्र कमिटीपुढे येऊन बसायचे, "ताई, या वर्षी तरी वाजवू द्या," म्हणायचे, आणि मी त्यांना वाटेला लावायचे. अशी दहा-बारा वर्षं गेली.

मग आमच्या लायब्ररीला जपानच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्यांचा डिजिटल संग्रह ऐकायची परवानगी मिळाली. एकच कॉम्प्युटर, एकच हेडफोन, कॉपी करायला सक्त मनाई. सगळं नीट चालतंय का बघत मी बसले होते, तर दत्तप्रसाद मागे येऊन उभे. "ताई, तैशोगोतो नावाचं वाद्य शोधा ना. आपला बेंजो त्याच्यावरूनच आलाय, माझे मामा सांगायचे."

"काहीतरीच काय!" मी म्हटलं. इंग्रजीत शोधून काही मिळेना. मग कुठूनशी जपानी अक्षरं उचलून डकवली आणि अगंबाई, यादीच उघडली! नव्वद-शंभर वर्षांपूर्वीच्या तबकड्या! त्यांनी हेडफोन चढवला. डावा हात टेबलावर बटणं दाबायला लागला, उजवा तारा छेडायला, आणि हा मितभाषी माणूस भर लायब्ररीत ओरडला, "ताई, बेंजोच! आपला बेंजो!"

मी हेडफोन ओढूनच घेतला. खरखरीतून तीच टणटणीत तार. अंगावर काटा आला हो!

पुढचे नऊ दिवस त्यांनी जेवणाची सुट्टी त्याच खुर्चीत काढली. एक धून धरून तिची एकेक ओळ कानात भरायची, घरी जाऊन वाजवायची, अडलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायची. डबा तसाच परत जायचा. शेवटी मीच वैतागून पोळीची गुंडाळी हातात कोंबायचे.

कमिटीपुढे त्यांनी ती धून वाजवली. अध्यक्ष चारुदत्त एकदम खूश. "वा! जपानी म्युझिक! ओपनिंगलाच ठेवू या. पत्रिकेत 'तैशोगोतो' छापा, इम्प्रेसिव्ह वाटतं."

मीही मान डोलावली, खोटं कशाला बोलू?

दत्तप्रसादांनी वाद्य मांडीवरून खाली ठेवलं. "बेंजो छापा. नाहीतर मी वाजवणार नाही."

"अहो, लोक हसतील," मी म्हटलं.

"हसू देत, ताई. आधी हसतील, मग नाचतील. आमच्याकडे तसंच होतं."

मला माझीच लाज वाटली. जपानचा शिक्का बसला म्हणून मी ऐकायला तयार झाले होते. इतक्या वर्षांत या माणसाचा हात मी कधी ऐकलाच नव्हता. चारुदत्तने तोंड उघडायच्या आत मी पत्रिकेचा कागद ओढला आणि सगळ्यात वर, चांगलं ठसठशीत लिहिलं: बेंजो, दत्तप्रसाद.