प्रेमज्वराचं पान

सासरे वैद्य होते. ते गेल्यावर त्यांचे खलबत्ते आणि काढ्यांच्या बरण्या कोणी कोणी मागून नेल्या, आणि आमच्या सौंसरच्या घरात उरलं ते एक जाडजूड पुस्तक. शिळाप्रेसवर छापलेलं, पुढची पानं गायब, त्यामुळे नाव कुणालाच माहीत नाही. लाल फडक्यात बांधून ते कपाटावर पडलेलं असायचं. दर दिवाळीला मी धूळ झटकायची आणि परत ठेवून द्यायची.

दोन वर्षांपूर्वी नागपूरहून एक बाई आल्या. जुन्या वैद्यकावर त्यांचा अभ्यास. फडकं सोडून त्या मोबाईलवर एकेका पानाचे फोटो काढू लागल्या आणि मध्येच थांबल्या. म्हणाल्या, असं पुस्तक मी पहिल्यांदाच पाहते आहे, यात प्रेमाने आजारी पडणाऱ्यांचं वेगळं प्रकरण आहे. मग मोठ्याने वाचायलाच लागल्या. रोगी जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडतो, विचारलं तर सांगत नाही. अशा वेळी वैद्याने त्याची नाडी धरून गावांची नावं एकेक करून उच्चारावी, आणि ज्या नावास नाडी उसळेल…

‘तेथेच रोगाचे मूळ आहे असे जाणावे,’ माझ्या नवऱ्याने वाक्य पुरं केलं. खुर्चीत बसून, पुस्तकाकडे न पाहता.

बाई कौतुकाने हसल्या. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. हा माणूस पांढुर्ण्याच्या शाळेत गणित शिकवतो. वडिलांच्या औषधांना त्याने कधी हात लावला नाही. मग एवढ्या पुस्तकातलं नेमकं हेच पान त्याला पाठ कसं? बाई गेल्यावर मी पुस्तक उघडून बसले. बाकीच्या पानांवर हळदीचे, काढ्यांचे डाग होते. या पानावर डाग एकही नव्हता, फक्त कोपरा बोटं लागून लागून मऊ पडला होता.

मला तिगाव आठवलं. आठवलं म्हणणंही खोटंच, विसरले कधी होते?

आमच्या लग्नाआधी ह्यांनी तिगावची एक मुलगी पाहिली होती. पसंतही केली होती. गुण जुळले नाहीत म्हणून मोडलं, हे मला सासूबाईंनीच सांगितलं, नव्या नवरीला, वांगी चिरता चिरता. त्या मुलीला पुढे पांढुर्ण्यातच दिलं, कापडाच्या दुकानवाल्यांकडे. म्हणजे माझा नवरा गेली बावीस वर्षं रोज सकाळच्या बसने ती राहते त्या गावाला जातो आणि संध्याकाळी जेवायला माझ्याकडे येतो. मी एकदा मुद्दाम त्या दुकानात गेले होते. तिने मला ओळखलं, पाणी दिलं, ‘सर बरे आहेत ना?’ म्हणून विचारलं. माझ्याहून गोरी आहे, आणि बोलणं इतकं गोड की राग धरायला काही सापडेना. त्याचाच जास्त राग आला. साडी न घेताच परतले.

तर पुस्तक हाती आल्यावर मी कशाला थांबते? पुढच्या रविवारी भरीत-भाकरी खाऊन हे दिवाणावर आडवे झाले. मी शेजारी बसून त्यांचं मनगट धरलं.

‘काय करून राहिली?’

‘नाडी शिकून राहिली.’

‘पाह्य मग,’ म्हणून त्यांनी डोळे मिटले.

लोधीखेडा म्हटलं. रामाकोना म्हटलं. मोहगाव म्हटलं. मग जरा थांबून, आवाज सांभाळत, तिगाव म्हटलं. बोटाखाली नाडी टणकन उसळली. मी परत म्हटलं, परत उसळली.

‘तिगाव दोनदा काऊन?’ त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

‘चुकलं,’ म्हणून मी हात सोडला आणि भांडी घासायला गेले. त्या दिवशी एका कपाचा कान तुटला.

त्या पानामागे उपचारही दिले होते. चंदनाचा लेप, डाळिंबाचा रस, मित्रांची संगत. कशानेच गुण आला नाही तर एखाद्या वयस्क, तिखट जिभेच्या बाईकडून त्या व्यक्तीची निंदा रोग्याच्या कानावर सतत घालावी. चंदन कुठे शोधत बसणार? जीभ घरचीच होती. दीडेक वर्ष मी नेमाने उपचार केला. संत्रं आंबट निघालं की ते तिगावकडचं. गाडीला उशीर झाला की ती तिगावलाच रखडली असणार. पोळ्याला एखादा बैल बिथरला तरी त्याची सोयरीक मी तिगावात नेऊन ठेवायची. रोगी मुकाट्याने जेवायचा. गुण येतो आहे की नाही ते काही कळेना, माझंच पोट मात्र रोज दुखायचं.

यंदा संत्र्यांच्या दिवसांत, असंच एका दुपारी जेवण झाल्यावर, मी तिगावच्या पाण्याला नावं ठेवत बसले. ह्यांनी हात धुतले, पुसले आणि विचारलं, ‘तुले तिगावनं केलं तरी काय?’

मग मी काही ठेवलं नाही. सासूबाईंनी सांगितलेलं, दुकान, पाठ असलेलं पान, सगळं बोलून टाकलं. ‘आणि नाडी उसळली तुमची. दोनदा. माझ्या बोटाखाली.’

ते हसलेच. ‘जेवल्यावर पाह्यली होती ना तू? भरल्या पोटी कोनी नाडी पाह्यते का? बाबूजी सकाळी पाहत, उपाशीपोटी. जेवलेल्या मानसाची नाडी सगळ्याच गावाले उड्या मारते.’

वैद्याची सून असून मला एवढं ठाऊक नसावं. आठवून पाहिलं तर रामाकोन्यालाही ती काही शांत नव्हती. मीच तिगावला दबा धरून बसले होते. पण हार कशी मानणार? ‘मग ते पान कोणासाठी पाठ केलं?’

त्यांचं हसू गेलं. टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली.

‘तुह्यासाठी,’ म्हणाले. ‘तू आली त्या वर्षी. मलेरिया उतरला तरी तू उठेच ना. भिताडाकडे तोंड करून राहे. मले वाटलं, कोनी असन हिच्या मनात. म्हनून पुस्तक काढलं. तू ग्लानीत होती. सकाळी डावा हात धरला, बाईची डावी पाहतात.’

‘मग?’

‘बोरगावले उसळली.’

बोरगाव माझं माहेर. तिथे माझं आईवडिलांखेरीज कोणी नव्हतं, आणि हे त्यांनाही माहीत होतं.

‘अन् आपल्या सौंसरले?’ मी विचारलं.

‘सौंसरले हललीबी नाही. तीनदा म्हनून पाह्यलं. वाटलं, आपल्याच वाचन्यात चूक असन. म्हनून ते पान परत परत वाचलं.’

‘नंतर कधी पाहिली नाही?’

‘नाही. तू उठली, हसू लागली, पोरं झाली. कायले पाह्यची?’

मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त हेवा वाटला. तिगावच्या बाईचा नव्हे, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या त्या एकोणीस वर्षांच्या पोरीचा. तिच्यासाठी या माणसाने अख्खं पान पाठ केलं, आणि तिला त्याची शुद्धही नव्हती. मी डावा हात त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, ‘आता पाहा.’

‘आता जेवली तू. उद्या पाहू.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला नाही. ह्यांनी मागितला नाही. मी समोर बसले, त्यांनी मनगट धरलं आणि नजर खाली घालून एकेक नाव घेऊ लागले. लोधीखेडा झालं. रामाकोना झालं. बोरगाव झालं. राहिलं सौंसर. तिथे ते थांबले. माझा हात सोडून म्हणाले, ‘राहू दे, बसची वेळ झाली.’

मी त्यांची बोटं परत मनगटावर आणून ठेवली.

‘म्हणा,’ म्हटलं.