शेपूवाल्या रोझविटाबाई

फ्रँकफुर्टच्या नदीकाठच्या ओबरराड वस्तीत रोझविटाबाईंना सगळे ओळखतात, आणि त्या मूळच्या उत्तरेकडच्या कासेल शहराच्या हेही कुणी विसरलेलं नाही. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांचे केस तांबूस होते, आता पिंजलेल्या कापसासारखे झालेत. तरी बेकरीत एखादी म्हातारी आपल्या नव्या सुनेला त्यांची ओळख करून देते ती अशी, "या रोझविटा. एवाल्डची बायको. कासेलच्या आहेत, पण चांगल्या आहेत."

या "पण"चं मूळ शेपूत आहे. वसंतात उकडलेल्या बटाट्यांबरोबर खायचा कोवळ्या पाल्याचा हिरवा सॉस फ्रँकफुर्टकडचे करतात आणि कासेलकडचेही करतात. दोन्हीकडे पाले सातच लागतात. मात्र कासेलच्या सातांत शेपू असतो आणि फ्रँकफुर्टच्या सातांत तो चुकूनही नसतो. नदीच्या या काठावर सॉसमध्ये शेपू घालणं म्हणजे चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना शिट्टी मारणं. रोझविटाबाईंनी सासरी पहिल्यांदा सॉस केला तेव्हा सासूबाईंनी चमचा तोंडाकडे नेता नेता मध्येच थांबवून विचारलं होतं, "शेपू नाही ना घातलास?" सगळे हसले. सूनबाईही हसल्या. मग दर वर्षी ईस्टरच्या आधीच्या हिरव्या गुरुवारी तोच प्रश्न आणि तेच हसू. सासूबाई गेल्यावर तो प्रश्न वारशाने मार्लीसकडे, म्हणजे रोझविटाबाईंच्या नणंदेकडे आला.

वारशाने दुसरंही काही आलं होतं, पण ते मार्लीसकडे नाही. एवाल्डच्या घरी पिढ्यान् पिढ्या पाल्याची शेती. पुढे जमिनीवर इमारती उठल्या आणि शेवटी काचघरांच्या मागची एक पट्टी तेवढी राहिली. सासूबाई अंथरुणाला खिळल्यावर तिच्या फाटकाची किल्ली त्यांनी सुनेच्या हातात ठेवली. "हिरव्या गुरुवारी या घरात विकतचा पाला कधी आलेला नाही," एवढंच म्हणाल्या. मार्लीस तेव्हा पोस्टात होती, तिला वेळ नव्हता. आतापर्यंत सासूबाईंच्या हाताखाली काम करणाऱ्या रोझविटाबाईंना तरी कुठे होता? पण कासेलच्या पोरीने बाग बुडवली असं कुणी म्हणायला नको, म्हणून त्यांनी किल्ली घेतली आणि त्या वाकल्या. त्या दिवसापासून वाकलेल्याच आहेत म्हणा ना.

पार्सली, बारीक कांदापात, आंबट चुका, हळिवाचा कोवळा पाला, कर्बेल, पिंपिनेल आणि बोरेच. नावं घ्यायला सोपी आहेत. पण चुका लवकर जून होतो, कर्बेल उन्हाने रुसतो, हळीव पुन्हा पुन्हा पेरावा लागतो आणि बोरेचला थंडी जरासुद्धा सोसत नाही. ईस्टर लवकर आला की बोरेच काचेच्या झाकणाच्या पेटीत वाढवायचा. सकाळी ऊन आलं की झाकण उघडायचं आणि संध्याकाळी लावायचं. पूर्वी झाकणाचं काम एवाल्डकडे होतं. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी त्यांना वाकायला आणि ओझं उचलायला बंदी केली. मुलगी सिल्के नदीपलीकडे इस्पितळात नर्स आहे. ती येते तीच झोपेला आलेली असते. तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

आताशा रोझविटाबाईंना थकवा आला की कुठे दुखतंय ते सांगता येत नसे. सगळीकडे सारखाच. सकाळी डोळे उघडायच्या आधी तो जागा झालेला असे. गेली काही वर्षं त्या मनाशी ठरवत होत्या की यंदा गुरुवारच्या टेबलावर सांगून टाकायचं, मला आता होत नाही. वाक्य तेवढंच. पण पातेलं टेबलावर आलं की माणसं खुलत, एवाल्ड आईच्या गोष्टी काढत, मार्लीस बोटाने वाटी पुसून चाटत म्हणे, "बाजारातल्या पाल्याच्या पुडीला ही चव यायची नाही." मग ते वाक्य बटाट्याबरोबर गिळलं जाई.

यंदा बुधवारी ऊन कडक पडलं. रोझविटाबाईंनी झाकण उघडलं, वाफ्यांतलं तण काढलं, झारीच्या चार खेपा केल्या. घरी येऊन एवाल्डची औषधं दिली, बटाटे निवडले, अंडी उकडली. पुन्हा जाऊन झाकण लावायचं, म्हणून बूट चढवायला खुर्चीत बसल्या. एक बूट पायात गेला. दुसरा हातात असतानाच झोप लागली. एवाल्डनी अंगावर शाल घातली आणि दिवा मालवला. बिचाऱ्यांना वाटलं, बाई बागेतून आत्ताच आली आहे.

गुरुवारी सकाळी बागेत गवतावर पांढरं दहिवर गोठलं होतं. पेटी उघडी. बोरेचची रोपं भिजलेल्या काळ्या कागदासारखी मातीला चिकटली होती. उन्हाळ्यात काकड्यांच्या लोणच्याला लागतो म्हणून पेटीच्या कोपऱ्यात थोडा शेपू पेरलेला असे. तो मात्र जरासा कान पाडून, पण हिरवागार उभा होता. त्याला थंडीचं एवढं काही नसतं.

बाई बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या. शेजारच्या काचघरात बोरेच होता. मागितला असता तर मालकाने हसत दिला असता. पण त्यासाठी पलीकडच्या गल्लीतून वळसा घालायचा, दार ठोठावायचं, झाकण उघडं राहिलं हे सांगायचं, "होतं असं वयात" हे ऐकायचं आणि हसायचं. त्यातलं हसणं आपल्याला जमणार नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी सहा पाले कापले. मग शेपू कापला. त्यात बंड वगैरे काही नव्हतं. हाताशी होता, म्हणून घेतला.

घरी दोन मुठींच्या वाकड्या पात्याने त्यांनी सगळं बारीक केलं, आंबट सायीत कालवलं, वर अंडी कुस्करली. वास हाताला येत होता. कासेलच्या स्वयंपाकघराचा वास. त्यांनी आईची आठवण काढली नाही, हात धुतले.

दुपारी सगळे बसले. मार्लीस लाल स्वेटर घालून आली होती आणि आल्या आल्या भावावर घसरली, "एवाल्ड, किती सुकलास रे! रोझविटा खायला देते की नुसता पाला चारते?"

"पाला वर्षातून एकदाच," एवाल्ड म्हणाले. "बाकीचे दिवस गोळ्या."

सिल्केने बटाटे वाढले. मार्लीसने चमचा उचलला आणि ठरल्याप्रमाणे भुवया उंचावल्या. "शेपू नाही ना घातलास?"

"घातलाय," रोझविटाबाई म्हणाल्या.

मार्लीस मोठ्याने हसली. "वा! इतक्या वर्षांनी हिला विनोद सुचला." तिने चमचा तोंडात घातला. हसू हळूहळू उतरलं. तिने घास गिळला, पाणी प्यायली. "एवाल्ड, अरे, खरंच शेपू आहे यात."

"आहे की," एवाल्ड म्हणाले. ते दुसऱ्या बटाट्यावर सॉस घेत होते.

"आईच्या टेबलावर?"

"आत्या, एक पाला तर आहे," सिल्के म्हणाली.

"तू गप्प बस, तुला इस्पितळाचं जेवून जेवून चव राहिलेली नाही. रोझविटा, बोरेचचं काय झालं?"

"गोठला. झाकण लावायचं राहिलं. मला झोप लागली."

"झोप लागली?" मार्लीसचा आवाज चढला. "आईला कधी झोप लागली नाही!"

"तुझ्या आईच्या हाताखाली मी होते," रोझविटाबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, पावाला लोणी लावायला सांगावं तसा. "माझ्या हाताखाली कुणी नाही. मला आता होत नाही, मार्लीस. पुढच्या वर्षी मी करणार नाही."

एवाल्ड ताटाकडे बघत राहिले. काल तिला न उठवता अंगावर शाल आपणच घातली होती, हे बहुतेक आत्ता त्यांच्या ध्यानात येत होतं.

"मग काय करायचं?" मार्लीस म्हणाली. "बाजारातली पुडी आणायची?"

"आणा. नाहीतर तू कर."

"मी? माझे गुडघे बघितलेस का?"

"माझे काय लाकडाचे आहेत?"

सिल्के फिसकन हसली आणि तिने तोंडावर रुमाल धरला. मार्लीसने तिच्याकडे रागाने पाहिलं. मग बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. शेवटी बोलली ती कुणाकडेही न बघता. "मला पिंपिनेल कुठला आणि कर्बेल कुठला, तेसुद्धा धड ओळखता येत नाही. आई म्हणायची, तू शिक, नोकरी कर, माती सुनेला असू दे."

हे रोझविटाबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांना राग यायला हवा होता, पण त्यालाही ताकद लागते. त्यांनी किल्ली खिशातून काढून पातेल्याजवळ ठेवली, "मी जरा पडते," म्हणाल्या आणि उठल्या. ताटं तशीच टाकून त्या उठल्या, असं त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

खोलीत पडदा ओढून त्या कपड्यांनिशीच आडव्या झाल्या. स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येऊ लागले. मार्लीस पातेलं खरवडत असावी.

"आत्या, उरलेलं फेकू?"

"फेकतेस कशाला? शेपूचं असलं तरी अन्न आहे. डबा दे, मी नेते."

"आणि किल्ली?"

"तीही दे. तात्पुरती हं. एवाल्ड, तू मोकळा बसणार आहेसच, तर खुर्ची टाकून बस तिथे आणि मला सांग, कशाला काय म्हणतात ते."

"मला वाकायची बंदी आहे."

"बोलायची नाही ना? मग झालं तर."

थोड्या वेळाने दार किलकिलं झालं. मार्लीस होती. "झोपलीस? बरं, तेवढं सांग. बोरेच पुन्हा पेरायचा तर कधी?"

रोझविटाबाईंचे डोळे मिटलेले होते. "माती हाताला गार लागेनाशी झाली की."

"म्हणजे कधी? तारीख सांग ना."

उत्तरादाखल मंद घोरणं ऐकू आलं. मार्लीस जरा वेळ दारात थांबली, मग हळूच पुढे होऊन तिने वहिनीच्या पायांतले जोडे काढले, खाटेखाली सरकवले आणि दार लोटून घेतलं.