रांजणातला विस्तव सुनेला

तुमच्या घरातलं हातचं कसब तुम्ही कुणाला शिकवलंत, लेकीला की सुनेला? खरं सांगा. आमच्या घरी ते सुनेला मिळालं, आणि मी अजून जळते आहे.

आम्ही पिंपरीत, कंपनीच्या मागच्या वस्तीत राहायचो. पावसाळ्यात भीमेचं पाणी वाढलं की मामा राजगुरुनगरहून एसटीनं चढणीच्या माशांची पाटी पाठवायचा. एवढे मासे एका दिवसात संपत नसत आणि वाळवायला ऊन नसे, म्हणून आई ते रांजणात धुरावर सुकवायची. रांजणाला तळाशी एक भोक. आत बाभळीचा कोळसा, आच थेट लागू नये म्हणून त्यावर एक खापर, त्याच्या वर वडिलांनी भंगारातून आणलेली जाळी आणि जाळीवर मीठ-हळद लावलेले मासे. वर मातीचं झाकण, त्यालाही बोटभर भोक.

खरं काम विस्तवाचं. सकाळी भरलेला कोळसा दिवस मावळेपर्यंत पुरला पाहिजे. आई एकाच कडेला पेटवायची. निखारा शेजारच्या कोळशाला लागत सावकाश पुढं सरकायचा. तळाचं भोक ती ओल्या मातीच्या गोळ्यानं थोडं थोडं बुजवत आणायची, तेही रांजण तापायच्या आधीच. "एकदा तापला की माणसावानी हाय त्यो," ती म्हणायची, "लवकर निवत न्हाई."

पेटवायला ती माझी पत्रकं घ्यायची. वडील ती कंपनीच्या गेटवरच्या कामगारांच्या सभांतून आणत. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. 'समान' हा शब्द मला तिथंच भेटला. "तुझ्या पत्रकाला जाळ लई, पर टिकत न्हाई," आई हसायची.

मी किती वेळा म्हटलं, मला शिकव.

"तू जायची दुसऱ्याच्या घरी. विस्तव हितंच ऱ्हायला पायजे."

मग भावाचं लग्न झालं. वहिनी आली ती स्टोव्हवर रांधणारी. कोळशाचा डाग लागला की साबणाकडे धावायची. आईनं तिला रांजणाशी बसवलं, तिचं मनगट धरलं आणि झाकणाच्या भोकावर नेलं. "चटका बसतो का? न्हाई ना? मग बरोबर हाय." मी उंबऱ्यात डाळ निवडत होते. माझं मनगट आईनं असं कधी धरलं नव्हतं. त्या दिवशी डाळीत खडे राहिले, त्यावरून बोलणी मीच खाल्ली.

एकदा कुरुळीची मावशी आजारी पडली म्हणून आई सकाळीच निघाली. मासे तर आदल्या दिवशीच आले होते. रांजण तिनं वहिनीवर सोपवला.

"आणि मी?"

"तू भाकरी कर."

दुपारी धूर पातळ झाला, मग दिसेनासाच झाला. रांजणाला हात लावला तर कोमट. मासे अर्धे कच्चे, हवा दमट. असेच राहिले तर सगळी पाटी नासणार. वहिनी घाबरून झाकण उचलायला गेली.

"झाकण नको!" मी ओरडले. "एकदम हवा आत गेली की विस्तव भडकतो."

"मग काय करू, वन्सं? आत्या काय म्हणतील मला?"

"कोळसा भरताना चाळलास का?"

"चाळायचा असतो?"

तिनं पोतं तसंच ओतलं होतं. चुरा तळाशी बसला, वरून राख पडली आणि विस्तवाचा श्वास कोंडला. आई पहाटेच चाळून ठेवायची, वहिनी उठायच्या आधी. म्हणून तिला ते ठाऊकच नव्हतं. मला होतं. मी उंबऱ्यातून वर्षानुवर्षं बघत होते. मी तळाच्या भोकात सळई घालून हलवली. भुरभुर राख पडली आणि आत लाल दिसलं. मातीचा गोळा जरा सरकवला, धूर पुन्हा निळसर सुरू झाल्यावर परत पहिल्या जागी आणला. वहिनीचं ते न कळणं मला गुळासारखं गोड लागत होतं.

संध्याकाळी आईनं झाकण काढलं. मासे सोनेरी, कातडी ताणलेली. "सुनंच्या हाताला गुण हाय," ती म्हणाली.

"आत्या, विस्तव वन्संनी राखला," वहिनी लगेच बोलली. "माझा विझत होता."

ती खोटं बोलली असती, तर मला तिचा निवांत राग धरता आला असता. तेवढंही तिनं ठेवलं नाही.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी वाट बघत राहिले. तिनं एक मासा उचलून माझ्या हातावर ठेवला. "ग्वाड झालाय. पर तुला काय उपेग त्याचा?" आणि वहिनीकडं वळली, "उद्या चाळणी दावते तुला."

आज रांजण भावाच्या दारात आहे. मी चाकणला भाड्याच्या खोलीत राहते आणि सुके मासे बाजारातून आणते. जमिनीच्या वाटणीवर, पगारावर मी ढिगानं पत्रकं वाचली. मनगट कुणाचं धरायचं, यावर एकही नव्हतं. म्हणून हे लिहिलं.

वाचून झालं की घरातल्या मुलीला हाक मारा. ती उद्या कुठंही जाऊ दे. तिचं मनगट धरा आणि धगीवर न्या. पेटवायला काही नसेल, तर हाच कागद घ्या.