जत्रेत आमच्या घरी बकरं पडलं नाही

आमच्या गावात लक्ष्मीची जत्रा दरवर्षी भरत नाही, हे देवीचे आमच्यावर उपकारच म्हणायचे. कित्येक वर्षांनी भरते, आणि भरते तेव्हा सगळं गाव शहाणपणाला सुट्टी देतं. ज्याच्या घरात महिनाअखेरीला तेल उधार येतं तोही भिंतींना रंग देतो, दारात मांडव घालतो, बकरी आणून बांधतो आणि बेळगावच्या ऑफिसातल्या झाडून सगळ्यांना आवतण देतो. ते येतात. त्यांचे शेजारीही येतात. कोण कुणाचा, कुणी विचारत नाही. जेवून, हात पुसत, "मीठ जरा कमीच होतं" म्हणत निघून जातात, आणि घरमालक पुढची कैक वर्षं सोसायटीच्या कर्जाचे हप्ते फेडत बसतो. याला आमच्याकडे मान म्हणतात.

यंदाची जत्रा ठरली तेव्हा आम्ही नुकतं कुठे डोकं वर काढत होतो. पूर्वी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझ्या नवऱ्याची भाड्याची लहानशी शेड होती आणि तिच्यात एक लेथ मशीन. लोखंडाचे सुटे भाग कातून द्यायचे, हा धंदा. निम्म्याहून जास्त काम एकाच कारखानदाराचं. हा गृहस्थ बोलायला गोड, फक्त बिल द्यायचं तेवढं विसरायचा. नवरा पैसे मागायला जायचा आणि चहा पिऊन परत यायचा. पाटीवर मराठी पाहिजे म्हणून मोर्चात घसा बसेपर्यंत ओरडणारा हा माणूस, स्वतःच्या घामाचे पैसे मागायची वेळ आली की पुटपुटायचा. शेवटी शेडचं भाडं थकलं, कर्जाचे हप्ते थकले आणि मशीन विकावं लागलं.

विकलं ते जवळच्या मच्छे गावातल्या एका शेडवाल्याला. आणि माझा नवरा त्याच शेडमध्ये, त्याच मशीनवर, दुसऱ्याचा कामगार म्हणून उभा राहू लागला. कालपर्यंत आपलं असलेलं मशीन, आता त्याला तेल घालायचं तरी मालकाला विचारून. मला त्याची दया यायची आणि रागही यायचा. राग जरा जास्तच.

शेडवाला मात्र सरळ होता. म्हणाला, जत्रेच्या महिन्याच्या अखेरपर्यंत ठरलेले पैसे भरा आणि मशीन घेऊन जा, नाहीतर हुबळीचं गिऱ्हाईक तयार आहे. तेव्हापासून घरखर्च मी हातात घेतला. पगार आला की आधी मशीनचे पैसे बाजूला काढायचे, उरेल त्यात घर चालवायचं. शहापुरातल्या दुकानाच्या साड्यांना फॉल-पिको करून द्यायला लागले. भाजी संध्याकाळी, भाव उतरल्यावर. लग्नांना आहेर न घेता जायचं आणि पोटभर जेवून यायचं, हेही मी शिकले. बाकीच्यांना जमतं, तर मला का जमू नये? असं करत करत पैसे जुळत आले.

आणि मग थोरले दीर आले.

"आमच्याकडं तीन बकरी हाईत. तुमची दोन तरी पायजेत," ते म्हणाले.

"अण्णा, मशीन सोडवायचं हाय. तेवढेच पैसे हाईत," मी म्हणाले.

"मशीन कवाबी येतंय. जत्रा परत कवा येणार? लोक काय म्हणतील?"

लोक! शेडला कुलूप लागलं तेव्हा या लोकांपैकी एक माणूस आमच्या दारात आलं नव्हतं. रस्त्यात भेटले तर घड्याळ बघत पुढे जायचे. त्यांना आता माझ्या पैशाचं मटण घालायचं, आणि त्यांनी ते खाऊन माझी अब्रू राखायची!

नवरा मान खाली घालून म्हणाला, "एक तरी आणूया गं."

पैसे ठेवलेलं बँकेतलं खातं माझ्या नावावर होतं, म्हणून वाचलो. मी दोघांनाही सांगितलं, देवीच्या वर्गणीची पट्टी भरीन, ओटी भरीन, माहेरी आलेल्या नणंदेला पुरणपोळी घालून साडी नेसवीन. परक्यांना मटण घालीन असा नवस मी काही केलेला नाही. अण्णा चप्पल पायात सरकवत उठले आणि जाता जाता "बायकांच्या हातात कारभार गेला की असंच" म्हणाले.

जत्रेच्या दिवशी येणाऱ्याला मी सरबत द्यायचे आणि अण्णांच्या मांडवाकडे बोट दाखवायचे. माणसं पेला ठेवून तिकडे पळत सुटायची. दुपारी दारात मोठी गाडी थांबली. बिल बुडवणारा तोच कारखानदार, बायकामुलांसकट! त्याला आवतण माझ्याच नवऱ्यानं दिलं होतं. साहेब खुर्चीत ऐसपैस बसले, नाक वर करून हुंगलं आणि म्हणाले, "काय वहिनी, मटणाचा वास येत न्हाय कुठं?"

"तुमचं बिल यायचं हाय साहेब," मी म्हणाले. "ते आलं की लगेच बकरं आणू."

साहेबांना आपल्या मांडवात न्यायला म्हणून आलेले अण्णा दारातच थिजले. नणंद पोळी लाटायची थांबली. साहेब मात्र मोठ्यानं हसले आणि नवऱ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या मिसेस लई गमतीच्या हैत की!"

इतकी वर्षं या माणसाच्या प्रत्येक विनोदावर माझा नवरा हसत आला होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. आता हा हसला तर मशीन सोडवून तरी काय करायचं, असं मला वाटून गेलं.

तो हसला नाही. आवाज बारीकच होता, पण शब्द सगळ्यांना ऐकू गेले. "गंमत न्हाय साहेब ती. बिल द्या आमचं."

साहेब उठले आणि अण्णांच्या मांडवात जाऊन दाबून जेवले. बिल अजून आलेलं नाही, आणि अण्णा आमच्याशी बोलत नाहीत, तो एक फायदाच. महिनाअखेरीला पैसे भरले आणि मशीन टेम्पोतून आमच्या दारात आलं. पहिलं काम घेऊन आलेल्या माणसाकडे नवऱ्यानं निम्मे पैसे आधी मागितले. मागताना त्याचे कान लालेलाल झाले होते. मी शेजारीच उभी होते, पण मला तोंड उघडावं लागलं नाही.